आकाशगंगेचे साम्राज्य आणि पृथ्वीवरचा इतिहास

इतिहासाच्या सत्रात आकाशगंगेतील साम्राज्य आणि त्याविरुद्धची बंडे असा विषय घेतलेला पाहून पुष्कळांना नवल वाटेल, काहींना हसूही येईल. जे साम्राज्य कधी झालेच नाही, त्याचा इतिहास तो काय सांगणार? शंका रास्त आहे. म्हणून तिचा निकाल आरंभीच लावून घेतो. या कथा पुढे काय होणार ते सांगतात, असे आमचे म्हणणे नाही. ते काम ज्योतिषाचे. आमचे म्हणणे इतकेच की, या लेखकांनी आपले साम्राज्य ताऱ्यांत नेऊन ठेवले असले, तरी ते उचलले पृथ्वीवरूनच. कोणापुढे रोम होते, कोणापुढे कंपनी सरकार, कोणापुढे इंग्लंडचा राजा आणि कोणापुढे स्वतःचाच देश. ते साम्राज्य कोणते, आणि लेखकाने ते कोणाच्या शेजारी बसून पाहिले, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाच्या कक्षेतलेच आहे.

मराठी वाचकाला ही रीत अगदी परकी नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. तीत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात की, जेथे पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठ्यांचा जय झाला. कथेतले शास्त्र विसाव्या शतकातले आहे, पण कथेचा जीव १७६१ सालात आहे. आज ज्या परदेशी कथांचा विचार करावयाचा, त्यांचेही असेच आहे.

या कथांचे मूळ शोधू लागलो म्हणजे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकापाशी थांबावे लागते. मंगळावरची सेना इंग्लंडवर चालून येते, अशी त्याची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ साली मासिकातून क्रमशः आली आणि पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. १८९७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाल्याच्या सोहळ्याचे वर्ष. त्याच सोहळ्याच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे येथे कोणास सांगावयास नको. साम्राज्य असे भरात असताना वेल्सने आपल्या वाचकांना कादंबरीच्या आरंभीच टास्मानिया बेटाची आठवण दिली. त्या बेटावरील मूळच्या लोकांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत फडशा पाडला. मग मंगळावरच्यांनी आपल्याशी तसेच वर्तन केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी, असा त्याचा प्रश्न होता. राज्यकर्त्यांच्या राजधानीत बसलेल्या वाचकाला त्याने घटकाभर जितांच्या जागी नेऊन बसवले. वाचकाची बसण्याची जागा बदलण्याची ही जी युक्ती आहे, ती आपण ध्यानात ठेवू. पुढल्या सर्व कथांना लावण्याचे माप तेच आहे.

वेल्सच्या कथेत हल्ला परक्यांचा होता. अवघी आकाशगंगा व्यापणारे माणसांचेच एक साम्राज्य, ही कल्पना इतरांनीही हाताळली होती. तथापि तिला इतिहासाची बैठक दिली ती आयझॅक असिमॉव्हने. हा रशियात जन्मलेला, तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला मुलगा. १ ऑगस्ट १९४१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो भुयारी रेल्वेने एका संपादकाच्या भेटीस निघाला होता आणि सांगण्याजोगे कथानक तर हाताशी नव्हते. जवळच्या संगीतिकांच्या पुस्तकाचे एक पान सहज उघडले, तो पहाऱ्याच्या शिपायापुढे लोळण घेणाऱ्या परीराणीचे चित्र दिसले. शिपायावरून फौज, फौजेवरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम आणि रोमवरून आकाशगंगा, असे विचार धावले, ही हकीकत त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. रोम इतक्या सहजी आठवावे याला कारण होते. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास तो दोनदा वाचून बसला होता. त्या संभाषणातून निघालेली 'फाउंडेशन' ही कथा मे १९४२ च्या मासिकात आली, आणि १९५१ ते १९५३ या काळात या मालिकेची तीन पुस्तके झाली.

असिमॉव्हचे साम्राज्य बारा हजार वर्षांचे आहे. त्याची राजधानी ट्रँटॉर हा अवघा ग्रहच एक शहर आहे. लोकवस्ती ४,००० कोटी. त्यांना जेवू घालण्यासाठी वीस शेतकी ग्रहांवरून जहाजांचे तांडे रोज येत असतात. रोम नगरी इजिप्त आणि आफ्रिकेच्या धान्यावर जगत होती, हे ज्यास ठाऊक आहे त्याला राजधानीचे मर्मस्थान कोठे आहे ते निराळे सांगावे लागत नाही. जिचे जेवण परक्या हाती ती राजधानी कितीही झगमगली तरी ओलीसच असते. साम्राज्याच्या कडेचे सुभेदार हळूहळू आपापल्या सुभ्यात राजे होऊन बसतात, विद्या जुन्या पोथ्यांच्या नकलांपुरती उरते, आणि यंत्रे चालवणारे असतात पण ती का चालतात हे जाणणारे उरत नाहीत. हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेब मांडून सांगतो की पाडाव अटळ आहे. त्यामागून ३०,००० वर्षांचा अंधार यावयाचा, तो नीट योजना केल्यास १,००० वर्षांवर आणता येईल.

या मालिकेतील एक प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा. साम्राज्य म्हातारे झाले आहे, तरी त्याच्यापाशी बेल रिओझ नावाचा एक तरुण, शूर आणि एकनिष्ठ सेनापती आहे. तो फाउंडेशनवर चालून जातो आणि विजय त्याच्या हाताशी आलेला असतो. इतक्यात त्याला माघारी बोलावून पकडतात. त्याला शत्रूने हरवले नाही, हेरानेही नाही. बादशहा दुबळा असेल तर बलवान सेनापती परमुलूख जिंकण्यापेक्षा गादीकडेच वळेल. आणि बादशहा बलवान असेल तर तो कोणा सेनापतीला फार मोठा होऊ देणार नाही. म्हणजे कोणत्याही बाजूने धरले तरी साम्राज्याला आता मुलूख जिंकता यावयाचा नाही, असा तो हिशेब आहे. नावावरूनच दिसते की हा रिओझ म्हणजे सहाव्या शतकातील बेलिसॅरियस. त्याने जस्टिनियन बादशहासाठी ५३३ साली कार्थेज घेतले आणि ५४० साली राव्हेना. राव्हेनात गॉथ लोकांनी तूच आमचा बादशहा हो म्हणून विनवले, तेव्हा त्याने होकाराचे सोंग करून शहर ताब्यात घेतले आणि ते धन्याच्या पायाशी ठेवले. तरीही धन्याचा संशय फिटला नाही; पुढे ५६२ साली कटाच्या आरोपाखाली त्याला मानहानी सोसावी लागली.

असिमॉव्हने साम्राज्य का मोडते हे असे चांगले सांगितले. परंतु ते मोडणारी माणसे त्याच्या कथेत फारशी भेटत नाहीत. तेथे काम करतो तो इतिहासाचा नियम. माणसे त्या नियमाच्या मागून चालतात. त्या वीस शेतकी ग्रहांवर नांगर धरणाऱ्यांना राजधानीविषयी काय वाटत होते? हे विचारावयाचे तर बंडाच्याच कथेकडे वळले पाहिजे. आणि बंडाची जी कथा आपण प्रथम घेणार आहोत, ती आपल्याच घरातून उचललेली आहे.

एच. बीम पायपर हा पेनसिल्व्हेनियातला रेल्वेचा नोकर. कॉलेजचे शिक्षण नाही, पण इतिहासाचे वाचन दांडगे. १९५२ साली त्याची 'उलर अपरायझिंग', म्हणजे उलर ग्रहावरील उठाव, ही कादंबरिका प्रसिद्ध झाली. उलरवर पृथ्वीवरच्या एका सनदी कंपनीचे राज्य आहे. कंपनीचा गव्हर्नर जनरल आहे, फौज आहे, मांडलिक राजे आहेत. ग्रहावरचे मूळ रहिवासी चार हातांचे, सरड्यासारखे, अंगात सिलिकॉन असलेले. साहेबलोक त्यांना एका तुच्छतेच्या नावाने हाका मारतात. त्यांच्यात एक प्रेषित फिरू लागतो, गावोगाव चिथावणी पसरते, गव्हर्नर जनरलवर विषप्रयोग होतो आणि ठिकठिकाणच्या पलटणी एकदम उठतात. एक जात मात्र कंपनीशी इमान राखते आणि तिच्याच बळावर साहेब तगून राहतात. एवढे ऐकल्यावर श्रोत्यांनी ओळखले असेलच. ही १८५७ सालची हकीकत आहे, आणि पायपरने हा नमुना समजून उमजून घेतला होता, ही गोष्ट त्याच्या वाचकांत सर्वश्रुत आहे.

पायपरच्या कथेचा नायक कंपनीचा सेनापती आहे. आपण त्याच्या तंबूत बसून नकाशा पाहतो, त्याच्या तारा वाचतो, त्याच्या माणसांच्या कत्तलीने कळवळतो. उठणारे का उठले हे कथेत जवळपास विचारलेच जात नाही. ते चिथावले गेले, एवढे कारण पुरेसे ठरते. शेवटी दोन्ही बाजू अणुबाँब बनवण्याच्या शर्यतीत पडतात. कंपनीच्या माणसांना कृती ठाऊक नसते. ती त्यांना एका जुन्या ऐतिहासिक कादंबरीच्या पानांत सापडते. बाँब पडतो, बंडवाल्यांचे शहर जळते, बंड मोडते. युद्धाची कथा म्हणून ती चुरचुरीत आहे हे आम्ही नाकारीत नाही. लढाईची मांडणी, रसदीचा हिशेब, वेढ्यातली धांदल हे सारे जाणकाराच्या हातचे आहे. परंतु ही कथा १९५२ सालची आहे. तोपर्यंत हिंदुस्थान स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाली होती. आणि १८५७ चे बंड ज्या कंपनीविरुद्ध झाले तिचे राज्य खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटनेच १८५८ साली गुंडाळले होते. एवढे सर्व डोळ्यांपुढे असूनही त्या बाजूचा तंबू लेखकाला सोडवला नाही.

आपल्याकडे याच प्रसंगाची एक निराळी हकीकत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले, आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. झाशीस वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. भटजी कोणत्याच फौजेतले नव्हते. शहर पडल्यावर गल्लोगल्ली झालेली कत्तल आणि लूट लपून बसलेल्या माणसाला जशी दिसावी तशी त्यांना दिसली, आणि तशीच त्यांनी ती लिहिली. पायपरच्या कथेत जे शहर बाँबखाली जळते, त्यातही कोणी एखादा चार हातांचा विष्णुभट असेलच. त्याने काय पाहिले, हे लिहिण्यास पायपरच्या पुस्तकात जागा नाही. आमच्या मते त्या पुस्तकाचे सारे उणेपण यातच आहे. लेखकाच्या शस्त्रज्ञानात किंवा कल्पनेत उणेपण नाही. हा प्रसंग 'बंड' की 'स्वातंत्र्यसमर' हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो शब्दांचा वाद म्हणून कंटाळणारे पुष्कळ आहेत. पण आपण तंबूत बसलो होतो की शहरात, एवढ्याचाच तो वाद आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. रॉबर्ट हाइनलाइन हा अमेरिकन आरमारातला अधिकारी. क्षयामुळे १९३४ साली निवृत्त झाला आणि पुढे लेखक झाला. त्याची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' ही कादंबरी १९६६ साली पुस्तकरूपाने निघाली. हीत आकाशगंगा नाही, साम्राज्यही पृथ्वीएवढेच आहे, परंतु बंड कसे करतात हे इतक्या बारकाईने सांगणारी दुसरी कथा आम्हांस आढळली नाही. साल २०७५. चंद्र म्हणजे पृथ्वीवरच्या कैद्यांचे काळे पाणी. तेथे तीस लाख लोक राहतात; बहुतेक सगळे कैद्यांची मुले आणि नातवंडे, म्हणजे कायद्याने मोकळे. पण चंद्रावरच्या हलक्या वजनाची शरीराला सवय झाली की पृथ्वीवर परत जाऊन जगता येत नाही. त्यामुळे शिक्षा संपली तरी कैद संपत नाही. अशी वसाहत इतिहासाला नवी नाही. इंग्लंड आपले गुन्हेगार आधी अमेरिकेत धाडीत असे. १७७६ साली त्या वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारले, ती वाट बंद झाली, आणि १७८८ पासून ऑस्ट्रेलियाचा किनारा या कामी आला. हाइनलाइनने हे दोन्ही धागे एकत्र वळले आहेत. चंद्राच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै २०७६ रोजी निघतो, यावरून त्याच्यासमोर कोणते चित्र होते ते उघड आहे. गिबनच्या इतिहासाचा पहिला खंडही १७७६ सालचाच, आणि गिबन त्या वेळी पार्लमेंटात बसून वसाहतींविरुद्ध सरकारच्या बाजूने मत देत होता! एका साम्राज्याचा ऱ्हास लिहिणाऱ्याला दुसऱ्याचा ऱ्हास घरात दिसतोच असे नाही.

चंद्रावरचे लोक भुयारांत गहू पिकवतात आणि सरकारी खाते तो ठरावीक दराने घेऊन पृथ्वीकडे फेकते. हा गहू कोठे जातो? मुख्यतः हिंदुस्थानास, पिंपे मुंबईच्या बाजूस समुद्रात उतरतात. शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात, म्हणून वरवर सर्व ठीक दिसते. परंतु गव्हाबरोबर चंद्राचे पाणी जाते. चंद्रावर पाऊस नाही. खडकात गोठलेले बर्फ खणून काढावयाचे, त्यावर पीक घ्यावयाचे, आणि पीक कायमचे बाहेर धाडावयाचे. संगणक हिशेब करून सांगतो की सात वर्षांत अन्नासाठी दंगे होतील, आणि त्यानंतर दोन वर्षांत माणूस माणसाला खाऊ लागेल. म्हणून बंडाचा पुढारी प्राध्यापक दे ला पाझ मागणी करतो ती अशी की, जेवढे वजन नेता तेवढे परत धाडा.

हे वाचताना आम्हांस दादाभाई नौरोजींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. हाइनलाइनने दादाभाई वाचले होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु १८६७ साली लंडनमध्ये दादाभाईंनी जो हिशेब मांडला आणि १९०१ साली ग्रंथरूपाने पुरा केला, त्याचे हाड हेच आहे. व्यापारात माल गेला आणि मोल आले तर तक्रार नाही. पण दरसाल देशातून जे जाते आणि ज्याच्या बदल्यात काहीच येत नाही, त्याने देश आटत जातो. लोकांना आपण लुटले जात आहोत हे कळत नाही, कारण लूट तलवारीने होत नसून वहीखात्यातून होत असते. बंडाचे पहिले काम म्हणून ती वही उघडून दाखवणे. बंदुकीची पाळी पुष्कळ नंतर येते. हाइनलाइनच्या कथेतही निम्मे पुस्तक हिशेबात, गुप्त मंडळ बांधण्यात आणि लोकांची मने तयार करण्यात जाते. मंडळ तिघातिघांच्या टोळ्यांचे. एक फितला तरी सगळे उघडे पडू नयेत. यशाची शक्यता सातांत एक, असे संगणक म्हणतो, आणि ती पुरेशी मानून ही माणसे कामास लागतात.

दाद मागण्यासाठी त्यांचे दोन वकील पृथ्वीवर येतात. महासंघाचे ठाणे असते आग्र्यास. आग्र्याचे नाव ऐकून मराठी माणसास जे आठवावयाचे ते आठवेलच. येथेही दरबारात दाद लागत नाही आणि वकिलांना तेथून गुपचूप निघावे लागते. पुढे युद्ध होते. चंद्राजवळ आरमार नाही, तोफा नाहीत. गहू फेकण्याचे जे यंत्र आहे, त्यातूनच खडक फेकले जातात. ज्या वाटेने संपत्ती बाहेर गेली त्याच वाटेने जाब येतो, ही कल्पना कोणाही वसाहतीतल्या माणसाच्या मनास भिडणारी आहे. खडक निर्जन जागी पडावे अशी काळजी घेतली जाते, आधी इशारे दिले जातात. तरी लोक तमाशा पाहण्यास तेथेच जमतात आणि मरतात. चंद्र स्वतंत्र होतो. प्राध्यापक विजयाच्याच दिवशी मरतो. कथा सांगणारा म्हातारपणी पाहतो तो चंद्रावरही कायदे, कर आणि मनाई-हुकूम वाढत चालले आहेत, आणि त्याच्या मनात येते की आणखी दूर कोठे निघून जावे. हाइनलाइनने येथे पुस्तक मिटले. पुढचा प्रश्न त्याने विचारला, पण उत्तराच्या वाटेस तो गेला नाही.

यानंतरची कथा सर्व जगाने पाहिली. २५ मे १९७७ रोजी जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला. आकाशगंगेचे साम्राज्य, सिनेट बरखास्त करणारा बादशहा, ग्रहाचा चुरा करणारे शस्त्र आणि मूठभर बंडवाले. चित्रपटातील विमानांची लढाई दुसऱ्या महायुद्धातील चित्रफिती समोर ठेवून रचली होती, आणि बादशाही शिपायांना दिलेले नाव पहिल्या महायुद्धातील जर्मन हल्लेखोर तुकड्यांचे. एवढ्यावरून पाहणाऱ्यास वाटते की साम्राज्य म्हणजे नाझी आणि बंडवाले म्हणजे आपण. अमेरिकेच्या गावोगावी प्रेक्षकांनी बंडवाल्यांसाठी टाळ्या पिटल्या. परंतु लुकासच्या मनात काही निराळेच होते. कथा जुळवताना त्याच्यापुढे व्हिएतनामचे युद्ध होते. प्रबळ यंत्रांचे साम्राज्य म्हणजे अमेरिका आणि साध्या शस्त्रांनी तिला झुलवणारे ते व्हिएतनामचे लढवय्ये, हे त्याने पुढे मुलाखतीत स्पष्ट बोलून दाखवले. सायगाव १९७५ साली पडले होते. म्हणजे दोनच वर्षांनी त्याच देशातले लोक आपल्याच पराभवाला टाळ्या देत होते, आणि ते त्यांच्या गावीही नव्हते.

यात लुकासचे कौशल्य आहे तसे अपयशही आहे. वेल्सने वाचकाला जागा बदलावयास लावली आणि तसे सांगून लावली. लुकासने ती इतकी अलगद बदलली की प्रेक्षकाला आपण उठून दुसरीकडे बसलो हे कळलेच नाही. कोणतेही साम्राज्य चालवणाऱ्याला हा चित्रपट पाहून घरी सुखाने झोप लागेल, कारण तो स्वतःस बंडवाल्यांतच मोजील. चित्रपटाच्या अखेरीस बंडवाल्यांचा विजयसोहळा आहे. शिस्तीत उभ्या रांगा आणि मधून चालत जाणारे वीर. त्या दृश्याची मांडणी हिटलरच्या मेळाव्यावरील १९३५ च्या प्रचारपटाची आठवण देते, असे अनेक जाणकारांनी म्हटले आहे. ते हेतुपुरस्सर असो वा नसो, विजयी बंडवाले रांगेत उभे राहिले की ते कोणासारखे दिसू लागतात, हा प्रश्न मात्र आपण सोडू नये.

त्या प्रश्नाला हात घातला तो एका जपानी लेखकाने. योशिकी तानाका याची आकाशगंगेच्या वीरांची कथा १९८२ ते १९८७ या काळात दहा खंडांत निघाली. हा १९५२ साली जन्मलेला; १९४५ पर्यंत स्वतः साम्राज्य असलेल्या आणि त्यात सर्व गमावून बसलेल्या देशात वाढलेला. त्याच्या कथेतील पहिला बादशहा रुडॉल्फ हा लोकांनी मते देऊन निवडलेला पुढारी आहे. लोक गोंधळाला कंटाळले, कोणीतरी आपल्यासाठी ठरवावे असे त्यांना वाटू लागले, आणि साम्राज्य उभे राहिले. त्या साम्राज्याच्या एका गोठलेल्या ग्रहावर गुलाम राबतात. त्यांतील हाइनेसन नावाचा तरुण एका लहान मुलाला बर्फाची होडी करून खेळताना पाहतो, आणि त्यावरून गोठलेल्या वायूच्या प्रचंड तुकड्यातच जहाज कोरून चार लाख लोक पळून जातात. पन्नास वर्षे प्रवास चालतो. हाइनेसन वाटेतच मरतो. पोचतात ते एक लाख साठ हजार. ते स्वतंत्र ग्रहांचे संघराज्य स्थापन करतात. चीनमधील १९३४-३५ च्या लाँग मार्चचे नावही या प्रवासाला मुद्दाम दिले आहे.

येथवर ही कथा इतरांसारखीच आहे. परंतु तानाकाने आपली गोष्ट सुरू केली ती त्यापुढच्या काळापासून. संघराज्य जुने झाले आहे. निवडणुका होतात, पण पुढारी पोकळ भाषणे करणारे आणि संकट आले की दडून बसणारे. उलट साम्राज्यात राइनहार्ट नावाचा तेजस्वी तरुण गादीवर येतो. तो सरदारांचे जुलूम मोडतो, न्याय देतो, गरिबांना जगवतो. मग लोकांनी निवडलेले वाईट राज्य बरे की न निवडलेले चांगले? संघराज्याचा सेनापती यांग वेन-ली याच्यापुढे हा प्रश्न उभा राहतो. या यांगला खरे म्हणजे इतिहासकार व्हावयाचे होते. शिकण्यास पैसे नव्हते, सैनिकी विद्यालयात युद्धांचा इतिहास फुकट शिकवीत, म्हणून तो तेथे गेला आणि सेनापती होऊन बसला. एका मोठ्या लढाईत राइनहार्टचे जहाज त्याच्या तोफेखाली येते. एक हुकूम दिला की युद्ध संपले. त्याच क्षणी त्याच्या घाबरलेल्या सरकारने शरणागती पत्करल्याची आणि गोळीबार थांबवण्याची आज्ञा येते. यांग गोळीबार थांबवतो.

बेलिसॅरियसने राव्हेनात मुकुट नाकारला तो धन्यासाठी. असिमॉव्हचा रिओझ एकनिष्ठ राहूनही संशयाने मेला. यांगचा धनी कोणी माणूस नाही. लोकांनी निवडलेल्या सरकारची आज्ञा सेनापतीने पाळावी, हा नियम त्याचा धनी आहे. ते सरकार नालायक आहे हे त्याला पुरते ठाऊक आहे. पण सेनापतीने एकदा चांगल्या हेतूने तो नियम मोडला, तर रुडॉल्फ पुन्हा जन्मास आला असे तो समजतो. त्याने बरोबर केले की चूक, यावर या कथेचे वाचक आजही भांडतात. आमचे मत विचाराल तर ते यांगच्या बाजूचे आहे. मात्र त्याची किंमत त्याच्या लोकांनी भोगली, हे लेखकाने लपवले नाही, आणि म्हणूनच ही कथा आम्ही या सर्वांत वरची मानतो.

या सर्व कथा एका ओळीत ठेवल्या तर बंडाचा पुरा इतिहास होतो. साम्राज्य आतून का खचते ते असिमॉव्हने सांगितले, लूट कशी ओळखावी आणि लोक कसे जमवावे ते हाइनलाइनने. बंड तंबूतून कसे दिसते ते पायपरने नकळत दाखवले, आणि स्वतःस बंडवाले समजणे किती सोपे असते ते लुकासच्या प्रेक्षकांनी. बंड जिंकल्यावर खरे काम सुरू होते हे तानाकाने.

आपण साम्राज्याखाली राहिलेले लोक. १९४७ पर्यंत आपली जागा कोणती होती हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणून अशा कथा वाचताना आपण चटकन बंडवाल्यांत जाऊन बसतो, आणि पायपरचा आपल्याला राग येतो. तो योग्यच आहे. परंतु आता राज्य आपले आहे. कचेरी आपली, फौज आपली, वहीखातेही आपलेच. एखाद्या दूरच्या खेड्यातून, आपल्याला ज्यांची भाषा समजत नाही अशा माणसांकडून काही तक्रार आली, तर 'चिथावणी' हा शब्द आपल्या तोंडी किती लवकर येतो ते ज्याने त्याने पाहावे. त्यांच्या रानातून, पाण्यातून, श्रमातून काय जाते आणि बदल्यात काय परत येते, ही वही आपण कधी उघडली आहे काय? ती उघडेपर्यंत आपण कोणत्या जागी बसलो आहोत हे आपल्यालाही सांगता यावयाचे नाही. आकाशगंगेच्या गोष्टी वाचून घरी परतताना एवढा एक प्रश्न बरोबर नेला, तर इतिहासाच्या सत्रात हा विषय घेतल्याचे कारण श्रोत्यांना पटेल, अशी आम्हांस आशा आहे.